अल्पभूधारक शेती आणि जुन्या ट्रॅक्टरची दुरुस्ती : महाराष्ट्रातील कृषी यांत्रिकीकरणाची एक दुर्लक्षित बाजू

प्रस्तावना

महाराष्ट्रातील शेतीच्या यांत्रिकीकरणाचा इतिहास सामान्यतः कारखान्यांच्या स्थापनेचा, कर्जवाटपाचा आणि ट्रॅक्टरांच्या वाढत्या संख्येचा इतिहास म्हणून मांडला जातो. १९५१ मध्ये संपूर्ण भारतात सुमारे साडेआठ हजार ट्रॅक्टर होते. १९६१ मध्ये ही संख्या सुमारे ३१ हजार आणि १९६६ मध्ये सुमारे ५४ हजार झाली. १९७१ च्या सुमारास ती दीड लाखाच्या घरात पोहोचली. या आकड्यांवरून प्रगतीचा एक सरळ आलेख काढता येतो. परंतु यंत्र विकत घेणे ही एक घटना असते आणि यंत्र चालू ठेवणे ही वर्षानुवर्षे चालणारी प्रक्रिया असते. पहिल्या गोष्टीची नोंद सरकारी कागदपत्रांत होते, तर दुसरीची नोंद बहुधा कोठेच होत नाही. पंचवार्षिक पशुगणनेत जनावरांबरोबर ट्रॅक्टर, नांगर आणि तेलाची इंजिनेही मोजली जात असत. गावात किती ट्रॅक्टर आहेत हे त्या गणनेतून समजते. त्यांपैकी किती पेरणीच्या आठवड्यात बंद होते, हे मात्र समजत नाही.

अल्पभूधारक शेतकऱ्याच्या दृष्टीने हा दुसरा प्रश्नच निर्णायक होता. नवा ट्रॅक्टर त्याच्या आवाक्यात क्वचितच होता. त्याच्या शेतावर आला तो भाड्याचा किंवा दुसऱ्या-तिसऱ्या हातचा जुना ट्रॅक्टर. त्यामुळे यांत्रिकीकरणाचा अनुभव त्याच्यापर्यंत पोहोचला तो प्रामुख्याने बिघाड, सुटे भाग, मिस्त्री आणि उधारी या स्वरूपात. लहान शेतीची पीछेहाट आणि जुन्या यंत्राची दुरुस्ती यांचा परस्परसंबंध ऐतिहासिक क्रमाने तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. दुरुस्तीची व्यवस्था गावाबाहेर गेली आणि तिचा मोबदला धान्याऐवजी रोखीने द्यावा लागू लागला, या दोन बदलांमुळे लहान शेतकऱ्याची जोखीम वाढली, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे.

बलुतेदारीतील दुरुस्ती

यंत्रयुगापूर्वीच्या गावगाड्यात अवजारांची दुरुस्ती हा स्वतंत्र खर्च नव्हता. सुतार आणि लोहार हे बलुतेदार होते. नांगर, वखर, पाभर, कुळव, गाडीची चाके आणि मोटेचे साहित्य दुरुस्त करून देणे हे त्यांचे वर्षभराचे काम होते आणि त्याचा मोबदला सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळत असे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार आणि बऱ्याच अंशी टीकात्मक वर्णन आढळते. ही व्यवस्था जातिबद्ध होती. तिच्यात कारागिराच्या कष्टांचे मोल त्याला ठरविता येत नव्हते. तिचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. तथापि तिचे दोन गुणधर्म येथे महत्त्वाचे ठरतात. पहिला असा की दुरुस्ती करणारा माणूस गावातच असे. दुसरा असा की दुरुस्तीचा मोबदला पिकाशी बांधलेला होता. पीक बुडाले तर बलुतेही घटत असे. म्हणजेच शेतीच्या जोखमीचा काही भाग दुरुस्ती करणाऱ्याकडे जात असे.

दुसरी महत्त्वाची प्रथा म्हणजे सावड आणि इर्जिक. दख्खनच्या काळ्या, खोल जमिनीत जड लाकडी नांगर ओढण्यासाठी सहा ते आठ बैल लागत. एवढे पशुधन लहान शेतकऱ्याकडे नसे. म्हणून दोन-चार कुणबी आपापले बैल एकत्र करून आळीपाळीने एकमेकांची शेते नांगरत. शक्तीची कमतरता सहकार्याने भरून काढण्याचा हा मार्ग होता. त्यात पैशाचा व्यवहार नव्हता. पुढे भाड्याने ट्रॅक्टर मिळू लागल्यावर सावडीची गरज कमी झाली आणि तिची जागा तासाच्या किंवा एकराच्या दराने घेतली. श्रमाच्या परतफेडीचे रूपांतर रोख देण्यात झाले.

लोखंडी नांगर आणि तेलाचे इंजिन

महाराष्ट्रातील शेतीयंत्रांच्या इतिहासाचा आरंभ एका अर्थाने दुरुस्तीच्या दुकानातूनच झाला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलींची विक्री व दुरुस्ती करीत यंत्रविद्येकडे वाटचाल केली. १९०३ मध्ये त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. लोखंडामुळे जमीन विषारी होते या समजुतीमुळे सुरुवातीला त्याला गिऱ्हाईक मिळणे कठीण गेले. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडीची स्थापना झाल्यानंतर या उद्योगाला स्थैर्य लाभले. लोखंडी नांगराबरोबर एक नवी गोष्ट गावात आली, ती म्हणजे बदलता येणारा सुटा भाग. लाकडी नांगर सुताराकडे नव्याने घडविता येत असे. लोखंडी नांगराचा झिजलेला फाळ मात्र कारखान्यात तयार झालेल्या मापाचाच लागे. तरीही हा कारखाना याच प्रदेशात होता, नांगराची रचना सोपी होती आणि लोहाराला तो भाग शेवटून कामचलाऊ करता येत होता.

त्यानंतरचा टप्पा तेलाच्या इंजिनाचा. सातारा रोड येथील कूपर कारखाना आणि १९४६ मध्ये पुण्यात स्थापन झालेली किर्लोस्कर ऑईल इंजिन्स यांच्यामुळे विहिरीवरील मोटेची जागा इंजिन आणि पंप घेऊ लागले. बागाईत भागात इंजिन खोलून रिंगा बदलणारा, नोझल साफ करणारा आणि पंपाची पॅकिंग बसविणारा मिस्त्री या काळात दिसू लागला. डिझेल इंजिनाची मूलतत्त्वे त्याला याच कामातून कळली. इंधन, हवा आणि दाब यांचे नाते त्याने पुस्तकातून शिकले नव्हते. पुढे ट्रॅक्टर दुरुस्तीला जे कौशल्य लागले त्याची पायाभरणी अशा रीतीने विहिरीच्या काठावर झाली, असे म्हणता येईल.

आयात ट्रॅक्टरांचा कालखंड

दुसऱ्या महायुद्धानंतर युद्धसामग्रीतून उरलेले ट्रॅक्टर आणि बुलडोझर भारतात उपलब्ध झाले. केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने अशी यंत्रे वापरून मध्य भारतातील कांस गवताने व्यापलेल्या जमिनी लागवडीखाली आणण्याचे काम हाती घेतले. १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला शेतीयंत्रांसाठी एक कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले, तेही मुख्यतः याच कामासाठी होते. महाराष्ट्रातही हरळी आणि कुंदा यांनी ग्रासलेल्या काळ्या जमिनीची खोल नांगरट हे ट्रॅक्टरचे पहिले मोठे काम ठरले. या टप्प्यात ट्रॅक्टर हे प्रामुख्याने सरकारी खाती, साखर कारखान्यांचे मळे आणि मोठे बागाईतदार यांच्याकडे होते. त्यांच्याजवळ स्वतःच्या कार्यशाळा होत्या. दुरुस्तीचा प्रश्न त्यामुळे लहान शेतकऱ्यापर्यंत पोहोचला नव्हता.

१९६१ पर्यंत देशातील जवळजवळ सर्व ट्रॅक्टर आयात केलेले होते. इंग्लंडमधील फर्ग्युसन आणि फोर्डसन यांबरोबरच १९५० व १९६० च्या दशकांत पूर्व युरोपातून मोठ्या प्रमाणावर यंत्रे आली. परकीय चलनाची टंचाई हे त्याचे प्रमुख कारण होते. समाजवादी देशांशी रुपयांत व्यवहार करता येत असल्याने रशियाचे डीटी-१४ आणि बायलारूस, चेकोस्लोव्हाकियाचे झेटर, पूर्व जर्मनीचे आरएस-०९ अशा वेगवेगळ्या बनावटीच्या ट्रॅक्टरांची आयात झाली. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळासारख्या राज्यस्तरीय संस्थांकडे शेतीयंत्रांच्या वितरणाचे काम आले.

या धोरणातील उणीव यंत्रांच्या दर्जात नव्हती, तर विविधतेत होती. प्रत्येक बनावटीचे पंप, बेअरिंग, सील आणि स्क्रूचे आटेही वेगळे होते. इंग्लिश यंत्रांवर इंचाचे पाने चालत, तर युरोपीय यंत्रांना मिलिमीटरचे पाने लागत. एका बनावटीचे जेवढे ट्रॅक्टर एका तालुक्यात होते, तेवढ्यांसाठी सुट्या भागांचा साठा ठेवणे कोणाही व्यापाऱ्याला परवडणारे नव्हते. १९७० च्या दशकात देशी उत्पादन वाढून आयात जवळजवळ थांबली, तेव्हा ही जुनी परदेशी यंत्रे पोरकी झाली. ज्याला नवा ट्रॅक्टर घेता येत होता त्याने असे यंत्र विकून टाकले. ते विकत घेणारा साहजिकच त्याच्यापेक्षा लहान शेतकरी होता. सुटे भाग मिळेनासे झाल्याच्या क्षणी यंत्र स्वस्त होते आणि स्वस्त झाल्यामुळेच ते लहान शेतकऱ्याकडे येते, हा विरोधाभास येथून पुढे वारंवार दिसून येतो.

देशी उत्पादन, कर्ज आणि जमिनीचे माप

भारतात ट्रॅक्टरचे उत्पादन सुरू झाले त्या १९६१-६२ या वर्षात केवळ ८८० ट्रॅक्टर तयार झाले. फरिदाबाद येथे आयशर, मद्रास येथे ट्रॅक्टर्स अँड फार्म इक्विपमेंट, बडोदा येथे हिंदुस्तान या नावाने विकला जाणारा ट्रॅक्टर असे कारखाने उभे राहिले. मुंबईत १९६३ मध्ये महिंद्र, अमेरिकेतील इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्या सहभागाने इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि बी-२७५ हा ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर बाजारात आला. पिंजोर येथील एचएमटीने १९७१ मध्ये झेटरच्या सहकार्याने २५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर काढला. पंजाब ट्रॅक्टर्सचा स्वराज १९७४ मध्ये आला. त्याची मूळ रचना दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत झाली होती. १९६८ मध्ये या उद्योगाला परवाना पद्धतीतून सूट मिळाली आणि १९७४ मध्ये किमतीवरील वैधानिक नियंत्रण उठले.

खरेदीसाठी लागणारे भांडवल कर्जातून आले. १९६९ मधील चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणानंतर व्यापारी बँका शेतीकर्जाकडे वळल्या. भूविकास बँका जमीन तारण ठेवून दीर्घ मुदतीचे कर्ज देत होत्या. १९८२ मध्ये नाबार्डची स्थापना झाली. ३५ अश्वशक्तीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरच्या कर्जासाठी किमान ८ एकर बारमाही बागाईत जमीन आणि वर्षाला १,००० तासांचे उत्पादक काम हे निकष सर्वत्र प्रचलित झाले. लहान ट्रॅक्टरसाठी ही मर्यादा ६ एकर होती. हे निकष आर्थिक दृष्टीने रास्त होते. परंतु महाराष्ट्रातील जमीनधारणेचा प्रवाह नेमका उलट दिशेने वाहत होता.

डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास करून १९१७ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांच्या मते १७७१ मध्ये त्या गावातील सरासरी धारणा ४० एकर होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती आणि त्यांपैकी ४६३ तुकडे एक एकराहून लहान होते. १९४७ मध्ये मुंबई प्रांतात तुकडेबंदी व तुकडेजोड कायदा झाला तो याच प्रश्नावर उपाय म्हणून. तथापि वारसाहक्काने होणाऱ्या वाटण्या कायद्याने थांबल्या नाहीत. कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणाक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते. २०१०-११ मध्ये ते १.४४ हेक्टर आणि २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टर झाले. कूळकायद्याने आणि १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने सामाजिक न्यायाच्या दृष्टीने आवश्यक असे कार्य केले, हे निर्विवाद आहे. परंतु लहान झालेल्या खातेदाराला पुरेशी यंत्रशक्ती कशी मिळणार, याची जोडव्यवस्था त्याबरोबर उभी राहिली नाही.

लहान शेताचे आणि ट्रॅक्टरच्या तासांचे गणित

या विसंगतीचे स्वरूप साध्या हिशेबाने स्पष्ट होते. ३५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला दोन फाळी नांगराने एक एकर नांगरण्यास साधारणपणे दोन ते अडीच तास लागतात. नांगरट, कुळवणी, पेरणी आणि थोडी वाहतूक ही सर्व कामे धरली तरी पाच एकरांच्या शेतावर वर्षाकाठी ५० ते ६० तासांहून अधिक काम निघत नाही. म्हणजे १,००० तासांचा निकष पुरा करण्यासाठी अशा शेतकऱ्याला उरलेले सुमारे ९४० तास भाड्याची कामे करावी लागतात. नांगरटीचा हंगाम अल्प असतो. त्यामुळे वाहतूक हाच पर्याय उरतो. ऊस, वाळू, विटा, मुरूम यांच्या ट्रॉल्या ओढण्यात ट्रॅक्टरचे बहुतेक आयुष्य खर्ची पडू लागले. शेतीसाठी घेतलेले यंत्र शेतीबाहेरच्या कामावर झिजले आणि त्या झिजेचा खर्च मात्र शेतीवर पडला.

तुकड्यांमुळे आणखी एक अडचण उद्भवते. अरुंद आणि लांबट पट्टीत ट्रॅक्टर वळविण्यातच बराच वेळ जातो. बांधालगतची जागा नांगरता येत नाही. पाणंद अतिक्रमणामुळे बंद झाली असेल तर पाऊस पडल्यावर यंत्र शेतात नेणेच अशक्य होते. याउलट बैलजोडी बांधावरूनही शेतात उतरविता येते. लहान शेतकऱ्याने बैल सोडून ट्रॅक्टर का स्वीकारला, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर यंत्राच्या आकर्षणापेक्षा चाऱ्याच्या प्रश्नात अधिक सापडते. १९७२ च्या दुष्काळात असंख्य जनावरे दगावली किंवा मिळेल त्या भावाने विकली गेली. गायराने आकसत गेली. बैलजोडीला काम असो वा नसो, बारा महिने दावणीला चारा लागतो. दोन-तीन एकरांच्या खातेदाराला तो परवडेनासा झाला.

१९७८ मध्ये हान्स बिन्सवाँगर यांनी दक्षिण आशियातील ट्रॅक्टरविषयक अभ्यासांचा आढावा घेऊन असे दाखविले की ट्रॅक्टरमुळे एकरी उत्पादन फारसे वाढल्याचा पुरावा मिळत नाही आणि तो मुख्यतः बैल व मजूर यांची जागा घेतो. हा निष्कर्ष मोठ्या शेतांच्या संदर्भात पुष्कळ चर्चिला गेला. लहान शेतकऱ्याच्या संदर्भात त्याला एक पुस्ती जोडावी लागते. एकदा बैल विकल्यावर परतीचा मार्ग उरत नाही. ट्रॅक्टर बंद पडला तर त्याच्या जागी उभे करण्यासाठी दावणीला काहीच नसते.

जुन्या ट्रॅक्टरचे बिघाड

बिघाडाचे मूळ बहुधा यंत्राच्या वयात नसून त्याच्या वापराच्या परिस्थितीत असते. उन्हाळी नांगरटीत दख्खनमधील सुकी माती धुळीच्या रूपाने इंजिनापर्यंत पोहोचते. तिला अडविणाऱ्या हवेच्या गाळणीतील तेल वेळेवर बदलले नाही तर धूळ सिलिंडरमध्ये जाऊन लायनर आणि रिंगा झिजवते. इंजिन तेल पिऊ लागते, धूर काढते आणि ओढ कमी होते. बॅरलमध्ये साठविलेल्या किंवा भेसळीच्या डिझेलमधील कचरा आणि पाणी इंधनपंपाच्या अत्यंत बारीक मापाच्या भागांना निकामी करते. विहिरीचे जड पाणी रेडिएटरमध्ये क्षाराचे थर साठवते. आयशरसारख्या हवेने थंड होणाऱ्या एक सिलिंडरच्या इंजिनात हा शेवटचा प्रश्न नव्हता, परंतु त्याच्या पंखांच्या फटींत धूळ आणि तेल साचले तर तेही तापत असे. जादा भरलेल्या ट्रॉल्यांमुळे क्लचप्लेट, ब्रेक आणि मागचा आस यांवर ताण येतो.

यांपैकी कोणताही बिघाड एकाएकी उद्भवत नाही. प्रत्येकाची आगाऊ सूचना मिळते आणि प्रत्येकाला वेळीच करावयाचा स्वस्त उपाय असतो. तो उपाय होत नाही, कारण त्या वेळी हाती पैसा नसतो आणि यंत्र कसेबसे चालू असते. दुरुस्ती पुढे ढकलली जाते. शेवटी यंत्र थांबते ते भर कामाच्या दिवसांत, कारण त्याच दिवसांत त्याच्यावर सर्वाधिक भार असतो. नोझल साफ करण्यावर भागणारे काम मग हाफ इंजिनावर आणि हाफ इंजिनाचे काम पूर्ण इंजिन खोलण्यावर जाते.

शेतीत या विलंबाची किंमत दुरुस्तीच्या बिलात दिसत नाही. मृगाच्या पावसानंतर जमिनीला वापसा येतो तो मोजक्या दिवसांपुरता. त्या दिवसांत पेरणी साधली नाही तर ओल उडते किंवा पुन्हा पाऊस लागून तण माजते. रब्बी ज्वारीच्या कोरडवाहू पट्ट्यात तर जमिनीतील साठलेल्या ओलीवरच सारे पीक अवलंबून असते. मोठ्या शेतकऱ्याजवळ दुसरे यंत्र असते किंवा जादा दराने भाड्याचे यंत्र आणण्याची ऐपत असते. लहान शेतकऱ्याला मात्र भाड्याच्या ट्रॅक्टरसाठी रांगेत थांबावे लागते आणि ट्रॅक्टरवाला साहजिकच मोठ्या, सलग क्षेत्राचे काम आधी घेतो. तीन दिवस बंद असलेल्या यंत्रामुळे पूर्ण हंगाम हातचा जाऊ शकतो. दुरुस्तीची उणीव अशा प्रकारे पिकाच्या उणिवेत आणि पुढे कर्जाच्या थकबाकीत रूपांतरित होते.

मिस्त्री : एका कौशल्याचा सामाजिक इतिहास

ही यंत्रे चालू राहिली ती तालुक्याच्या गावातील मिस्त्रीमुळे. त्याचे प्रशिक्षण अनेक ठिकाणी झाले होते. १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे जाळे उभे राहिले. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ पासून ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र कार्यरत झाले. एसटीचे डेपो आणि सहकारी साखर कारखान्यांच्या कार्यशाळा यांतून फिटर, टर्नर आणि वेल्डर तयार होत होते. प्रवरानगर येथे १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्यानंतर कारखान्याच्या परिसरात लेथ, वेल्डिंग आणि सुट्या भागांची दुकाने असलेली बाजारपेठ वाढणे हे पश्चिम महाराष्ट्रातील नेहमीचे दृश्य झाले. परंतु बहुसंख्य मिस्त्री गॅरेजमध्ये लहानपणापासून हाताखाली राहून शिकले. त्यांच्याजवळ प्रमाणपत्र नव्हते. आवाजावरून बेअरिंग ओळखणे, धुराच्या रंगावरून पंपाचा किंवा रिंगांचा दोष ताडणे, हे ज्ञान हातातून हातात गेले.

सुटा भाग मिळेनासा झाला की या कारागिराची खरी कसोटी लागे. झिजलेला क्रँकशाफ्ट घासून कमी मापाचे बेअरिंग बसविणे, तुटलेल्या गिअरचा दात वेल्डिंगने भरून लेथवर पुन्हा कापणे, एका भंगारातील यंत्राचा भाग दुसऱ्याला जुळविणे, ही कामे कारखान्याच्या माहितीपुस्तिकेत नसतात. ती केल्यामुळेच वीस-तीस वर्षांपूर्वीचे ट्रॅक्टर शेतावर टिकून राहिले. या अर्थाने मिस्त्री हा जुन्या लोहार-सुताराचा वारस ठरतो. दोघांत एक मूलभूत फरक मात्र आहे. बलुतेदार पिकाच्या वाट्यावर जगत होता. मिस्त्रीला सुट्या भागांच्या दुकानदाराचे पैसे आधी भागवावे लागतात. तरीही गावोगावच्या गॅरेजमध्ये सुगीपर्यंतची उधारी चालतेच. म्हणजे ज्या शेतकऱ्याला बँक अपात्र ठरवते त्याला प्रत्यक्षात कर्ज देणारा एक धनको हा मिस्त्री असतो आणि पीक बुडाले की तोही बुडतो. सहकारी पतपुरवठ्याच्या इतिहासात या उधारीला स्थान मिळालेले नाही.

दुरुस्तीसाठी संस्थात्मक कर्ज जवळजवळ उपलब्ध नव्हते, ही बाब येथे नमूद केली पाहिजे. कर्जाची रचना नव्या खरेदीभोवती होती. अनुदानेही नव्या यंत्रावर मिळत. जुने यंत्र वेळीच दुरुस्त करण्यापेक्षा ते मोडीत काढून नवे कर्ज घेणे कागदोपत्री सोपे होते. ज्याची जमीन निकषात बसत नव्हती त्याला तोही मार्ग खुला नव्हता.

बंद झालेले कारखाने आणि बदललेली यंत्रे

गेल्या काही दशकांत या प्रश्नाला नवे परिमाण लाभले आहे. ट्रॅक्टर उद्योगात मोठ्या प्रमाणावर एकत्रीकरण झाले. इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी १९७७ मध्ये महिंद्रमध्ये विलीन झाली. २००५ मध्ये आयशरचा ट्रॅक्टर व्यवसाय मद्रासच्या कंपनीकडे गेला आणि २००७ मध्ये पंजाब ट्रॅक्टर्स महिंद्रने घेतली. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. कारखाना बंद झाला तरी त्याचे ट्रॅक्टर शेतावर राहतात. त्यांच्यासाठी लागणारे भाग नंतर लहान उत्पादक बनवितात आणि अशा भागांच्या दर्जाची हमी कोणी देत नाही. आयात ट्रॅक्टरांच्या बाबतीत १९७० च्या दशकात जे घडले त्याची ही देशी आवृत्ती होय.

दुसरीकडे नव्या यंत्रांची रचना बदलत आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे अधिक कडक मानक लागू झाले आणि त्यांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची इंधनप्रणाली आली. प्रदूषण कमी होणे इष्टच आहे. परंतु अशा इंजिनातील दोष पान्याने आणि कानाने नव्हे, तर संगणकाने शोधावा लागतो आणि ते साधन प्रामुख्याने अधिकृत विक्रेत्याकडेच असते. आज मोठ्या शेतकऱ्यांकडे असलेली ही यंत्रे दहा-पंधरा वर्षांनी जुनी होऊन लहान शेतकऱ्याकडे येतील. तेव्हा ती दुरुस्त करणारे हात तालुक्याच्या गावात असतील काय, हा प्रश्न आजच विचारणे आवश्यक आहे.

२०१४-१५ पासून केंद्र सरकारच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून अवजारे भाड्याने देणारी केंद्रे उभारण्यास साहाय्य मिळू लागले. सामूहिक मालकीची ही कल्पना तत्त्वतः इर्जिकीच्या परंपरेशी नाते सांगणारी आहे. तिचे यश मात्र यंत्रखरेदीच्या अनुदानापेक्षा त्या यंत्राच्या निगेची जबाबदारी कोणावर राहते यावर अवलंबून राहील. सर्वांच्या मालकीचे यंत्र कोणाच्याच निगेचे नसते, हा सहकारी चळवळीतील जुना अनुभव येथेही लागू पडतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. बलुतेदारीच्या व्यवस्थेत दुरुस्ती गावात होती आणि तिचा मोबदला पिकाशी जोडलेला होता. यांत्रिकीकरणाने ती गावाबाहेर नेली आणि तिला रोखीचे रूप दिले. जमीनधारणा लहान होत असतानाच यंत्राच्या किफायतशीर वापरासाठी लागणारे क्षेत्र मोठे राहिले. या दोहोंमधील अंतर भरून काढण्यासाठी जुना ट्रॅक्टर आणि भाड्याचा ट्रॅक्टर हे दोन मार्ग लहान शेतकऱ्याने स्वीकारले. दोन्ही मार्गांत यंत्र बंद पडण्याची जोखीम शेवटी त्याच्यावरच आली. राज्याने खरेदीला कर्ज आणि अनुदान दिले, दुरुस्तीला दिले नाही. त्या उणिवेची भरपाई अप्रशिक्षित म्हणून गणल्या गेलेल्या कारागिरांनी स्वतःच्या कौशल्याने आणि उधारीने केली.

कृषी यांत्रिकीकरणाचा इतिहास लिहिताना ट्रॅक्टर किती विकले गेले याबरोबरच ते किती काळ चालले आणि कोणी चालू ठेवले, हेही विचारात घेतले पाहिजे. त्यासाठी लागणारी साधने दप्तरखान्यांपेक्षा गॅरेजच्या उधारीच्या वह्यांत, सुट्या भागांच्या दुकानांतील बिलांत आणि वृद्ध मिस्त्रींच्या स्मरणात आहेत. ही साधने झपाट्याने नष्ट होत आहेत. प्रत्येक तालुक्यात एक तरी महाविद्यालय आहे आणि त्याच्या आसपास अशी दहा-पाच गॅरेजेस आहेत. इतिहास, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन त्यांच्या नोंदी आणि मौखिक कथने संकलित केली, तर अल्पभूधारकाच्या पीछेहाटीची कारणमीमांसा अधिक वस्तुनिष्ठ होईल. पेरणीच्या आठवड्यात बंद पडलेला ट्रॅक्टर ही त्या शेतकऱ्याच्या घरात केवळ यांत्रिक घटना नसते. तिथपासून त्या वर्षाच्या जमाखर्चाची दिशा ठरते.